बारा मिनिटं आधीची अजान

शायाला सत्तावीस वर्षं न ऐकण्याचा पगार मिळाला. अलेक्झांड्रियातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर ती बसायची. वायर खुपसायची, दोन माणसं जोडून द्यायची आणि लगेच कानावरचा हेडफोन काढायचा, असा नियम. कोण कुणाशी काय बोलतंय ते ऐकायचं नाही. मुळात शाया म्हणजे रस्त्यात दोन माणसं कुजबुजताना दिसली तर चपलेचा पट्टा नीट करायला तिथंच वाकणारी बाई. तिला असल्या नोकरीत बसवणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीवर ठेवणंच झालं. पण तिनं नोकरी इमानानं केली. निदान ती तरी तसं सांगते. साठाव्या वर्षी निवृत्त होऊन घरी आली, चपला काढल्या आणि रिकाम्या घराला उद्देशून म्हणाली, "बास झालं. आता मी ऐकणार."

आणि ती ऐकायला लागली. रेडिओ म्हणजे आता फोनच. कुवेतमधल्या लग्नाच्या शुभेच्छा, सुदानमधली गाणी, काहीही. त्यातच तिला एक दिवस दूर दक्षिणेला, अस्वानकडच्या नस्र-अल-नूबाहून चालणारं एक चिमुकलं स्टेशन सापडलं. चिमुकलं म्हणजे एक खोली, एक माईक आणि उस्ताद मुख्तार नावाचे भूगोलाचे निवृत्त मास्तर. रमजानात रोज, मगरिबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाआधी अर्धा तास, त्यांचा कार्यक्रम लागायचा, 'आमच्या दारात'. अस्वानच्या धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या नूबियातल्या गावांपैकी रोज एक गाव घ्यायचं, त्या गावचं एखादं म्हातारं माणूस माईकसमोर बसवायचं आणि त्याला बोलू द्यायचं. घरं कशी होती, नदी दारापासून किती पावलांवर होती, कुणाचं लग्न कुणाशी ठरलं आणि का मोडलं.

शायाला आपलं गाव आठवत नव्हतं. तरमूसा सुटलं तेव्हा ती तीन वर्षांची होती. सगळ्या गावाला बोटींत भरून सरकारनं कोम ओम्बोजवळच्या ह्याच नस्र-अल-नूबा वसाहतीत नेऊन टाकलं, आणि तिथून अकराव्या दिवशी बाप येऊन मायलेकींना अलेक्झांड्रियाला घेऊन गेला. तो तिथं एका हॉटेलात आचारी होता. त्यानंतर आई कधी परत तिकडं गेली नाही, म्हणून शायाही गेली नाही.

मुख्तार मास्तर एक चमत्कारिक माणूस. रोज कार्यक्रमाच्या सुरुवातीला बजावायचे, "नीट ऐका. मी काही साठवून ठेवत नाही. आजीनं गोष्ट एकदा सांगितली की सांगितली. ऐकलीत तर तुमची, नाहीतर गेली."

"गेली कशी? बघतेच मी," शाया म्हणाली आणि तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं. तिची पद्धत तिची स्वतःची. एका फोनवर कार्यक्रम लावायचा, जुना फोन शेजारी ठेवून त्यावर आवाज टिपायचा. पण मग खालच्या फळवाल्याची आरोळी आणि शेजारणीची भांडणंही टिपली जायची. म्हणून दोन्ही फोन कपाटात गोधड्यांच्या चळतीत ठेवायचे, दार लोटायचं आणि आपण कपाटाला कान लावून उभं राहायचं. अर्धा तास. रोजा धरून. नंतर फाइलीला नंबर आणि गावाचं नाव द्यायचं. एकवीस दिवसांत एकवीस गावं कपाटात जमा झाली, आणि एकाही गावात फळवाला नाही.

फक्त एक भानगड होती. कार्यक्रम संपायचा तो तिकडच्या मगरिबच्या अजानवर. मास्तरांच्या खोलीला लागूनच मशीद, त्यामुळे अजान खिडकीतून थेट माईकमध्ये यायची. पण तिकडं सूर्य आधी बुडतो. अलेक्झांड्रियाचा रोजा सुटायला त्यानंतर चांगली बारा-तेरा मिनिटं असतात. कपाटातून अजान यायची, शायाच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि समोर खजूर असूनही ती घड्याळाकडं बघत बसायची. "गावाला सुटला, आपला राहिला," असं ती रोज म्हणायची. आणि रोज थांबायची.

आता ती हे सगळं गोधड्यांत कोंडून का ठेवत होती, तर एका बशीपायी.

आईकडं, म्हणजे नबराकडं, एक बशी होती. पांढरी, कडेनं हिरव्या पानांची वेल, एका जागी टवका उडालेला. आईच्या काळ्या ओढणीत गुंडाळून ती पेटीच्या तळाशी ठेवलेली असे. तिच्यात कुणी खायचं नाही, कुणी प्यायचं नाही. गावाकडं अशा बशा दारावरच्या गिलाव्यात बसवायचे. ऊन पडलं की नदीतून जाणाऱ्या बोटीतूनसुद्धा आपलं दार ओळखू यायचं. इथं अलेक्झांड्रियातही कितीतरी नूबी घरांत दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन-चार बशा असतातच. आईची मात्र पेटीत.

"आई, ही भिंतीवर का नाही लावत?"

"आपली नाही ती."

"मग कुणाची?"

"भूक लागलीय का तुला? जेवून घे."

हे बोलणं पन्नास वर्षांत किती वेळा झालं असेल! उत्तर कायम तेच, जेवणाच्या वेळा तेवढ्या बदलल्या. नऊ वर्षांपूर्वी आई गेली आणि उत्तरही बरोबर घेऊन गेली. आपली नाही. परत दिली नाही. कुणाची ते सांगायचं नाही. एक्स्चेंजवर हयात घालवलेल्या बाईला वायरी जोडता येतात. आईनं ती उचलली तर नसेल ना? हा विचार मनात आला की शाया स्वतःच्याच गालावर चापट मारायची. पण विचार काय, चापटीनं थोडाच जातो? तरमूसाचा दिवस येईल, कुणीतरी दारांबद्दल बोलेल, बशांबद्दल बोलेल, आणि एकदाचं कळेल, म्हणून ती कपाटाला कान लावून उभी होती.

एकविसाव्या रोजाला मास्तरांनी जाहीर केलं, "उद्या तरमूसा. उद्या आपल्याकडे हाज्जा दहीबा येणार. वय शहाऐंशी, पण जीभ अठराची."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आणि दर शुक्रवारी तरमूसा मंडळात सगळ्यांचा एकत्र इफ्तार. अलेक्झांड्रियात बुडालेल्या प्रत्येक गावाचं एक मंडळ आहे; गाव राहिलं नाही तरी मयत आणि लग्नं होतातच की. मंडळाचे अध्यक्ष हाज फिक्री, वय अठ्ठ्याहत्तर, मोठे दिलदार, पण उपाशीपोटी त्यांच्याशी बोलू नये.

ते म्हणाले, "पोरी, कपाटात एकटी काय ऐकतेस? गाव सगळ्यांचं आहे. मंडळाच्या स्पीकरला लाव."

शायाला खरं तर कपाटच हवं होतं. पण मनात हळूच गुदगुल्याही झाल्या. सत्तर माणसं माझ्या फोनवर माझं गाव ऐकणार! मोह कुणाला सुटलाय? ती हो म्हणाली.

"पण हाज, एक लक्षात ठेवा. शेवटी त्यांच्याकडची अजान होते. ती सुरू व्हायच्या आत मी वायर काढणार."

"हो, हो. मला सांगतेस? माझं लक्ष आहे."

सांगायचं तर तिनं हॉलमध्ये सगळ्यांना सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं एकट्या हाज फिक्रींना, तेही दुपारी चार वाजता.

हॉल भरला. टेबलांवर करकदेचे, म्हणजे जास्वंदीच्या सरबताचे लालभडक पेले, खजूर, मसुराचं सूप, काबेदची पातळ भाकरी. शायानं फोनची वायर स्पीकरला जोडली आणि जुना फोन स्पीकरच्या तोंडाशी ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं. सगळ्यांना एकदा डोळे वटारून बघून घेतलं. आणि हाज्जा दहीबांचा आवाज आला. जाडाभरडा, मध्येच हसणारा, मध्येच मास्तरांना दटावणारा.

"मध्ये मध्ये बोलू नकोस, मुख्तार. तुला मी नागडा फिरताना पाहिलाय."

हॉल हसून हसून लोळला. म्हातारी नदीबद्दल बोलली, खजुरीच्या झाडांबद्दल बोलली, शेवटच्या दिवशी कुत्री कशी काठावर राहिली आणि बोटीच्या मागं पोहत आली ते बोलली, तेव्हा हॉलमध्ये कुणी हललंसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, "हाज्जा, दोनच मिनिटं राहिली." शायाचा हात वायरवर गेला.

"दोन पुरेत," म्हातारी म्हणाली. "माझ्या दारावर सात बशा होत्या. हिरव्या वेलीच्या. नवऱ्यानं सुएझहून आणलेल्या. निघताना सहा हाताला लागल्या. आणि सातवी..."

इथं खिडकीतून अजान सुरू झाली.

वायर काढायची होती. हात वायरवरच होता. पण म्हातारी अजानच्या खालून अजून बोलत होती, आणि हिरवी वेल म्हटल्यावर शायाच्या हाताला लकवाच मारला जणू. तिला ऐकायचं होतं. आणि मंडळाच्या त्याच स्पीकरमधून दर शुक्रवारी अजान देतात. सत्तर माणसांना सवय ती. हाज फिक्रींनी पहिला खजूर तोंडात टाकला, मोठ्यानं "बिस्मिल्लाह" म्हणाले, आणि मग काय! खुर्च्या सरकल्या, चमचे वाजले, पेले रिकामे झाले, पोरं समोश्यांवर तुटून पडली. दहीबांचं पुढचं वाक्य त्या गदारोळात कुठं गेलं कुणास ठाऊक.

"थांबा! थांबा! आपली नाही, आपली नाही ही!" शाया ओरडत होती. कुणाला ऐकू जाणार? सूप अर्ध्याच्या खाली गेलं तेव्हा बाहेर अलेक्झांड्रियाची रोजा सुटल्याची तोफ झाली आणि गल्लीतल्या मशिदीची अजान आली. हाज फिक्रींचा चमचा हवेत.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"ही आपली," शाया म्हणाली.

"मग मघाची?"

"अस्वानकडची. मी तुम्हाला दुपारी सांगितलं होतं."

"दुपारी सांगून काय उपयोग? दुपारी मी उपाशी असतो!"

असा त्या दिवशी सत्तर माणसांचा रोजा बारा मिनिटं आधी सुटला. ईदनंतर प्रत्येकानं एक रोजा भरून द्यायचा, असं हाज फिक्रींनी तिथंच सांगून टाकलं. कुणी हसत होतं, कुणी चरफडत होतं, एक आजोबा खाल्लेला खजूर परत काढता येतो का बघत होते. सगळ्यात कळस म्हणजे शायानं एक घोटही घेतला नव्हता.

"बघा बघा," एक बाई म्हणाली, "आमचे सगळ्यांचे मोडले आणि हिचा मेलीचा शाबूत!"

शायाचं तिकडं लक्षच नव्हतं. तिनं तसंच घर गाठलं, हेडफोन घातला आणि बाविसावी फाइल लावली. 'आणि सातवी...' मग अजान, मग खुर्च्या, मग चमचे, मग "बिस्मिल्लाह", मग कुणाचं तरी पोर रडतंय, मग तिचाच आवाज, "आपली नाही, आपली नाही ही!" तो ऐकून तिनं फाइल थांबवली. आई हुबेहूब असंच म्हणायची. पुन्हा लावली. पुन्हा. आवाज वाढवून, कमी करून, उशीत डोकं खुपसून. चाळिसाव्या वेळी, दोन चमच्यांच्या मधल्या फटीत, एक शब्द हाती लागला. स्वच्छ. शंकाच नको.

"...नबरा..."

शाया उठून बसली. म्हणजे म्हातारीनं सातव्या बशीबरोबर आईचं नाव घेतलं होतं. साऱ्या जगासमोर. कुवेतला, जेद्दाला, कैरोला, जिथं जिथं तरमूसाचं माणूस आहे तिथं ते ऐकू गेलं असणार. 'नबरानं नेली' म्हणाली की 'नबरानं चोरली' म्हणाली? आयुष्यात एक वाक्य ऐकायला थांबले, आणि ते सत्तर माणसांनी चमच्यांनी खाऊन टाकलं. तिला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. वायर वेळेवर काढून कान दाबून फोनला लावला असता तर?

सकाळी तिनं मुख्तार मास्तरांना फोन लावला.

"रेकॉर्डिंग? बाई, मी रोज काय बोंबलतो? साठवत नाही. साठवलं की लोक नंतर ऐकू म्हणतात, आणि नंतर कुणी ऐकत नाही."

"पण तुम्ही तर समोर बसला होता ना, उस्ताद? तुम्ही ऐकलंत की."

"ऐकलं."

"मग सांगा. सातवीचं काय म्हणाल्या?"

मास्तर म्हणाले, "तुम्ही कोण?"

"नबराची मुलगी."

"हां," मास्तर म्हणाले. आवाज बदलला. "मग मी नाही सांगणार. असलं वाक्य फोनवर दुसऱ्यानं सांगायचं नसतं. दहीबांचं आहे, त्यांच्या तोंडून ऐका. आणि त्या फोनवर बोलत नाहीत. म्हणतात, ज्याला तोंड नाही त्याच्याशी काय बोलू? या तुम्ही."

सत्तावीस वर्षं माणसं जोडून देणाऱ्या बाईला पहिल्यांदाच कुणीतरी लाइन जोडून द्यायला नकार दिला होता. तिनं चार दिवस काढले. खाणं गोड लागेना. शेवटी मंडळात जाऊन हाज फिक्रींना सगळं सांगितलं, बशी दाखवली.

हाज फिक्रींनी ती हातात घेतली नाही, नुसती लांबून बघितली. "पोरी, नको जाऊस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आई चांगली होती, तेवढं पुरे."

"न उघडता कसं कळेल आत काय आहे ते?"

"आणि भलतंच निघालं तर?"

"तर बशी ज्याची त्याला देईन आणि माफी मागेन. पण हे असं कपाटाला कान लावून किती दिवस उभी राहू, हाज?"

निघताना हाज फिक्रींनी वाटेसाठी खजुराची पुडी दिली. "बारा मिनिटं सांभाळ," म्हणाले.

गाडीत पंधरा तास बशी मांडीवर होती. झोप लागली तरी हात तिच्यावर. कोम ओम्बोला उतरून, एका खटारा गाडीत दाटीवाटीनं बसून, अठ्ठाविसाव्या रोजाच्या दुपारी ती वसाहतीत पोचली. एकसारख्या घरांच्या ओळी, सरकारनं पट्टीनं आखलेल्या. नदी कुठं दिसेना. पण दहीबांचं घर विचारावं लागलं नाही. एका निळ्या दारावर अर्धगोलात सहा बशा होत्या. पांढऱ्या, हिरव्या वेलीच्या. आणि बरोबर मध्ये, सगळ्यात वर, गिलाव्यात एक गोल खळगा. रिकामा. त्याच्या कडा मात्र कुणीतरी दर वर्षी रंगवत असावं, इतक्या ताज्या निळ्या.

शाया बघतच राहिली.

"उभी काय राहिलीस?" आतून आवाज आला. तोच तो, जाडाभरडा. "मोजतेस काय? सहाच आहेत."

म्हातारी खाटेवर बसली होती. काटकुळी, काळीभोर, डोळे मात्र बारीक आणि चलाख. "नबराची पोर ना तू? मुख्तार म्हणाला येशील. आणि दारात उभं राहून दुसऱ्याच्या भिंती वाचायची खोड तुझ्या आईचीच."

शायानं रस्ताभर काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. ते सगळं विसरली. ओढणी सोडून बशी म्हातारीच्या मांडीवर ठेवली आणि सरळ विचारलं, "खाला, आधी एक सांगा. आईनं ही चोरली होती का?"

दहीबांनी तिच्याकडं पाहिलं. मग बशीकडं. मग अशा हसल्या की डोक्यावरचा पदर खांद्यावर आला.

"चोरली? अगं, ह्या बशीपायी तुझी आई शिडीवरून पडता पडता वाचली! सहा मी सुरीनं सोडवल्या. ही सगळ्यात वरची, निघेना. मला सातवा महिना, वर चढता येईना. तिकडं बोटीची शिट्टी. नबरा म्हणाली, तू हो पुढं, ही मी आणते. चढली शिडीवर, तुला खाली माझ्या सासूच्या हातात देऊन. सोडवली. हा टवका तेव्हाचा. उतरेपर्यंत माझी बोट सुटली, ती दुसऱ्या बोटीत."

"मग इथं आल्यावर?"

म्हातारीचं हसू थांबलं. ती टवक्यावरून अंगठा फिरवत राहिली.

"इथं आल्यावर तिसऱ्या दिवशी मी बाळंत झाले. सातव्यातच. मूल राहिलं नाही. त्या वर्षी कितीतरी गेली, माझ्या एकटीचं नाही. आठव्या दिवशी नबरा आली, बशी घेऊन. दारात उभी. मी म्हटलं, आज नको गं. आज मला भिंतीवर काही लावायचं नाही. पुढच्या वेळी आण. ती म्हणाली, बरं." म्हातारीनं नाक पुसलं. "आणि तीन दिवसांनी तुझा बाप तिला घेऊन गेला."

"मग परत का नाही पाठवली?"

"पाठवते म्हणायची की! दर वर्षी, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप, तुझी बशी सांभाळून ठेवलीय. मी उलट निरोप धाडायचे, दुसऱ्याच्या हाती देशील तर याद राख. स्वतः घेऊन ये. बशी तिच्याकडं आहे तोवर ती येणार, असं माझं गणित. पण तुझी आई मोठी हट्टी. तिचा निरोप, त्या दारातून नदी दिसत नाही, मी काय बघायला येऊ?" दहीबांचा आवाज एकदम फाटला. "अगं नदी नव्हती, मी होते ना!"

शाया रडली. म्हातारीही रडली. दोघी चांगल्या पोटभर रडल्या.

"मग रेडिओवर काय म्हणालात?" शायानं डोळे पुसत विचारलं. आधी जीव शांत व्हायला हवा ना!

"काय म्हणणार? सातवी नबराकडं आहे, आणि मी अजून वाट बघतेय, एवढंच. नबरा गेली ते माहीत आहे मला. तीन दिवस ह्याच घरात सुतक धरलं तिचं. पण वाट बघायची सवय माणूस गेलं म्हणून लगेच सुटते होय?"

ऊन उतरलं. आणि सवय ती सवय. 'आमच्या दारात'ची वेळ झाली तशी शायानं दोन्ही फोन काढले, कार्यक्रम लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि इकडंतिकडं बघायला लागली.

"काय शोधतेस?"

"गोधड्या. आवाज आत यायला नको म्हणून."

"वा गं वा! मी जिती-जागती समोर बसलेय आणि तू त्या खोक्यावर गोधड्या घालणार? ठेव ते तिथंच आणि मला ऐक."

फोन खाटेच्या कडेवर राहिले. त्यात कुणी आजोबा आपल्या गावच्या विहिरीबद्दल बोलत होते. इथं दहीबा नबराबद्दल बोलत होत्या. लग्नाआधीची नबरा, पोहण्यात पोरांना हरवणारी नबरा, गाणं चुकलं की शिव्या देणारी नबरा. शायाला ही बाई ठाऊकच नव्हती. ती विचारत गेली, म्हातारी सांगत गेली. बोलता बोलता म्हातारीनं बशी पदरानं पुसली आणि तिच्यात सात खजूर मांडले.

मग बाहेर अजान झाली. फोनमधून नाही, खरोखरीची, छपरावरून आलेली. शाया ऐकत बसली. हात मांडीवरच.

"खा की."

"हो, खाते," शाया म्हणाली आणि घड्याळाकडं बघितलं.

"कशाची वाट बघतेस आता?"

सत्तावीस दिवस ही अजान ऐकून ती थांबली होती. "बारा मिनिटं..." ती म्हणाली.

"ती तुमची तिकडची. इथं सूर्य बुडाला की बुडाला." म्हातारीनं बशी तिच्यासमोर धरली.

शाया बशीकडं बघत राहिली. उभ्या आयुष्यात ह्या बशीत तिनं काही खाल्लं नव्हतं.

"आपली नाही ती," तिच्या तोंडून निघालं.

"माझी आहे," दहीबा म्हणाल्या. "मी सांगतेय. खा."

तिनं खजूर उचलला आणि तोंडात टाकला. तेवढ्यात खाटेवरच्या फोनमधून तीच अजान पुन्हा सुरू झाली, एक मिनिट उशिरानं, आणि दोघींना हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला आणि शिडी भिंतीला लागली. ईद तिनं तिथंच केली.

परत आल्यावर मंडळात हाज फिक्रींनी अठ्ठाविसावी फाइल मागितली. कानाशी धरून बराच वेळ ऐकली, मग कपाळाला आठ्या घातल्या.

"पोरी, तुझं रेकॉर्डिंग बिघडलं. विहिरीचं काही ऐकूच येत नाही. नुसत्या बायका बोलताहेत, आणि शेवटी हे कसलं? टिण् टिण् टिण्."

"खजुराच्या बिया आहेत त्या, हाज. बशीत टाकतोय आम्ही."

"मग पूस ना. परत कुठं मिळते का बघू."

"नाही पुसणार," शाया म्हणाली, आणि फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.